गंगेकडे तोंड की स्टेशनाकडे? गोदाकाठची गावं, गल्ल्या आणि मोहल्ले (ऑनलाइन धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माळवद

मागच्या उन्हाळ्यात मामांनी जुन्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलं. पैठण तालुक्यातलं गंगेकाठचं गाव, पाच खणांचं घर. (आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. घरात, रानात, बाजारात ती गंगाच.) तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या, मामेभावाला स्लॅब टाकायचा होता, मामांचाही इलाज नव्हता. मी दोन दिवस तिथंच होते.

वरची पांढरी माती फावड्यानं ओढायला लागले तेव्हा कळलं, एवढी वर्षं आपण किती ओझ्याखाली झोपत होतो. हातभर जाड थर. दरवर्षी मिरगाच्या आधी माळवदावर नव्या पांढरीचा हात फिरायचा आणि जुनी कुणी काढायचं नाही, म्हणून साचत गेलेली. तिच्याखाली चिखल, मग पाला न् सणकाड्या, मग किलचनं, मग लगी (बारीक-मोठी लाकडं), सगळ्यात खाली तुळई. सान्याच्या (उजेडासाठी ठेवलेल्या भोकाच्या) कडेला ओढताना एका गड्याच्या हाताला शंखाच्या बांगडीचा तुकडा लागला. करंगळीच्या पेराएवढा, वर दोन रेघा कोरलेल्या. मी हरखून मामांना दाखवला. ते म्हणाले, "असल्या लई निघायच्या. पांढरी तर आपण त्या टेकाडावरूनच आणायचो."

ते टेकाड गावाच्या वरच्या अंगाला, नदीच्या कडेला आहे. आमच्या भागात शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा उठली, राख-शेण-माती एक झाली, की जमीन पांढरी होते. पैठणची 'पालथी नगरी' ही अशीच. सातवाहनांच्या प्रतिष्ठानचे मणी, खापरं, नाणी तिथंच निघाली. म्हणजे नदीकाठच्या एका मोडलेल्या गावाची माती आमच्या आजोळच्या डोक्यावर छप्पर म्हणून होती, आणि तिनंच आम्हाला उन्हात गारवा दिला.

वडिलांचं गाव मात्र सेलू. दुधना आहे तिथं, पण गावाचा जीव मोंढ्यात (धान्य-कापसाच्या बाजारात) आणि स्टेशनात. सुट्टीत आजोळी गेलं की दिवस पाणवठ्यापासून सुरू व्हायचा. सेलूत तो गाडीच्या वेळेनं आणि जिनिंगच्या आवाजानं सुरू व्हायचा. दोन्ही गावं एकाच खोऱ्यातली, पण चाल निराळी, बोलणं निराळं, घरांची तोंडंसुद्धा निराळ्या दिशेला.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून हैद्राबादकडे मीटरगेज लाइन पडली. नाव हैद्राबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. नाव खोऱ्याचं, पण नकाशा काढून बघा. औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा अशी ती नदीच्या उत्तरेच्या अंगानं चालते, नांदेडला तेवढी गंगेजवळ येते आणि पुढं बासरला तिला ओलांडते. पैठण, आपेगाव, शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, मुद्गल ही काठावरची जुनी नावाजलेली गावं सगळी बाजूला राहिली. कापूस स्टेशनाकडं गेला, त्याच्यामागं आडत्या, हमाल, मापाडी, वकील, डॉक्टर, शाळा. मानवत तर स्वतःच मोठी कापसाची पेठ, पण गाडी गावापासून दूर थांबते, त्या ठिकाणाला नाव पडलं 'मानवत रोड'.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या खोऱ्यातल्या कुठल्याही गावाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याचं तोंड गंगेकडं आहे की स्टेशनाकडं ते बघावं. हे लिहून ठेवायची घाई अशासाठी, की माळवदं उतरत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर गल्ल्यांची, वेशींची, घाटांची नावंही. आपापल्या गावातली नावं इथं लिहा. कोणती गल्ली, तिला तसं का म्हणायचे, पाणवठा कुठं होता.

घाटावरचा

ताई, नांदेडचं तोंड दोन्हीकडं आहे. जुनं नांदेड नदीकडं बघतं: होळी, चौफाळा, गाडीपुरा, सराफा, इतवारा. तिथल्या गल्ल्या उतरत उतरत घाटावर जातात. नवं नांदेड स्टेशनाकडं आणि रस्त्यांकडं. मध्ये वजिराबाद, जिथं दोन्हीकडची माणसं खरेदीला भेटतात. आमची आजी वजिराबादेत जायचं असलं तरी 'नांदेडात जाऊन येते' म्हणायची. तिच्या लेखी घर ते नांदेड नव्हतं, घर ते होळी.

घाटांची नावं लिहितो: नगिना घाट, बंदाघाट, उर्वशी घाट, गोवर्धन घाट. नदीवरच नंदगिरीचा किल्ला. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथं आले आणि इथंच त्यांचा देह पडला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये सचखंड गुरुद्वारा बांधवला. बाहेरच्यांना एवढंच माहीत असतं. गावातल्या माणसाला माहीत असतो तो घागरिया सिंग. रोज गंगेचं पाणी घागरीत भरून तख्तसाहेबाच्या स्नानाला घेऊन जातो. लहानपणी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ते बघायचो. आमच्या वर्गातली शीख मुलं घरी पंजाबी, गल्लीत दखनी आणि मास्तरांशी आमच्यासारखी मराठी बोलायची. दसऱ्याच्या हल्लाबोलला पूर्ण शहर रस्त्यावर असायचं, कोण कुठल्या गल्लीचा हे कुणी विचारत नसे.

२००८ ला गुरुता गद्दीची (ग्रंथसाहेबांना गुरुपद दिल्याची) तीनशे वर्षं झाली, तेव्हा रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले. शहराला त्याचा फायदा झाला, हे मी मनापासून मानतो. पण रुंदीकरणात कितीतरी घरांच्या ओसऱ्या गेल्या आणि ओसरी गेली की गल्ली गेली. गल्ली म्हणजे रस्ता नव्हे, ती समोरासमोरच्या दोन ओसऱ्यांमधली जागा असते.

आणखी एक. उस्मानशाही मिलचा भोंगा. तो स्टेशनकडच्या नांदेडचा घड्याळ होता, आणि घाटावरचा काकडा नदीकडच्याचा. मी दोन्ही ऐकत मोठा झालो. आता दोन्ही ऐकू येत नाहीत.

नाथसागर_काठ

आमच्या गावाचं तोंड कुठंच नाही, ते पाण्याखाली आहे.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंभराहून जास्त गावांच्या जमिनी आणि घरं त्यात गेली. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, याचं लोकांना नवल वाटतं. जायकवाडी बीड जिल्ह्यात. आधी धरण तिथं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तसंच राहिलं. आमच्या वडिलांना याचं फार लागायचं. म्हणायचे, ज्या गावाचं नाव लागलं ते वाचलं, ज्यांची गेली त्यांचं नाव कुठं नाही.

नवं गावठाण माळावर मिळालं. प्लॉट सारखे, रस्ते सरळ, गल्ल्यांना नाव नाही, ओळ पहिली, ओळ दुसरी. जुन्या गावात कुंभारगल्ली नदीच्या बाजूला होती कारण माती तिथं, कोष्ट्यांची घरं पाराच्या मागं. नव्या गावात सोडतीत आला तो प्लॉट. आईला पहिली दोन वर्षं शेजारीण कोण हेच कळेना. पाण्याला नळ होता, पण नळावर बसून बोलता येत नाही, पाणवठ्यावर येतं.

ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी नाथसागर (धरणाचा जलाशय) आटतो आणि जुनं गाव वर येतं. देवळाचा चौथरा, आडाचं तोंड, गढीच्या भिंतीचं बूड. गाळपेरीला जमिनी मिळतात, लोक तिथं गहू, हरभरा करतात. मी लेकीला एकदा घेऊन गेलो होतो. आड दाखवला, म्हणालो तुझ्या पणजीनं याचं पाणी काढलंय. तिनं वाकून बघितलं, आत गाळ होता. दुष्काळ पडल्याशिवाय आम्हाला आमचं गाव बघता येत नाही, हे कुणाला सांगावं तर समजत नाही.

गल्ल्यांची नावं आईला विचारून लिहितो. तिला आता कमी ऐकू येतं, पण त्या गावाचं विचारलं की लगेच ऐकू येतं.

पूर्णा_जंक्शन

धागा आवडला, पण एक गोष्ट राहून जातेय, ती मला बोलू द्या.

घाट, पाणवठा, पार ह्या सगळ्या आठवणी ज्यांना तिथं जाता येत होतं त्यांच्या आहेत. आमच्या आजोबांच्या गावात गंगा एकच होती, पण पाणवठे दोन. आमचा खालच्या अंगाला, जिथं वरचं सगळं धुऊन आलेलं पाणी यायचं. नाथांनी पैठणच्या वाळवंटात उन्हात पोळणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं, ही गोष्ट सगळे भक्तीनं सांगतात. ते लेकरू तिथं एकटं का होतं आणि त्याला उचलल्यावर गाव का खवळलं, हे मात्र पुढं सांगत नाहीत. नाथांना मी मानतो. उचलायला छाती लागते.

म्हणून आमच्या घरात स्टेशनाचं मोल फार. पूर्णा हे जंक्शन. मनमाड–हैद्राबाद लाइनला इथं हिंगोली, वाशिम, अकोल्याकडची लाइन मिळते. मीटरगेजच्या काळात इथं लोकोशेड होतं, वाफेची इंजिनं, रेल्वे क्वार्टर्सच्या रांगा. आजोबा खेड्यातून निघाले आणि शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. क्वार्टर मिळालं त्या रात्री आजीनं नळ सुरू केला आणि वाहूच दिला. आजोबा ओरडले, पाणी वाया जातंय. ती म्हणाली, "जाऊ द्या. आजच्या रोज जाऊ द्या." शेजारी तेलुगू फिटर, पलीकडं मुसलमान गार्ड, समोर मराठा पॉइंट्समन. नळ एकच, रांग एकच. नंबर ज्याचा त्याचा.

१९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यांत वस्त्या जळाल्या, तेव्हा कितीतरी माणसं परभणी, नांदेड, औरंगाबादला आली ती परत गेली नाहीत. त्यांच्यामुळं शहरांच्या कडेची भीमनगरं, सिद्धार्थनगरं वाढली. गावाचा इतिहास लिहायचा तर गावाला पाठ का फिरवली गेली हेही त्यात आलं पाहिजे.

मीटरगेज गेलं, शेडची वर्दळ गेली, २००३ ला रेल्वे विभागाचं मुख्यालय नांदेडला झालं. क्वार्टर्स रिकामी पडली, चिंचा तेवढ्या आहेत. मला वाईट वाटतं ते त्या नळाचं.

माळवद

दादा, बरं झालं लिहिलंत. मी पाणवठा म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच पाणवठा होता, आणि तो कुणाचा होता हे मी आजवर मामांना विचारलं नव्हतं. काल फोन करून विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "होता की. दोनशे पावलं खाली. चिंचेच्या पल्याड." ते टेकाड आहे ना, ज्याची पांढरी आम्ही आणायचो, ती खणून गाढवांवर वाहून आणणारी माणसं त्या खालच्या पाणवठ्याची होती. माळवदावर माती चढवायला त्यांना शिडी बाहेरून लावायची. ढेलजेतून, म्हणजे पुढच्या दारातून, आत यायचं नाही. मी लहानपणी ती शिडी पाहिली आहे, तिच्यावर चढून खेळले आहे.

माझ्या मूळ मुद्द्यात भर घालते: तोंड कुठं आहे एवढं पुरत नाही, ते कुणाचं हेही बघायला पाहिजे.

उजवा_काठ

सगळे उत्तरेच्या काठाबद्दलच बोलताय. आम्ही दक्षिणेकडचे, गेवराई–माजलगावचे. आम्हाला स्टेशन नव्हतंच, त्यामुळं तोंड फिरवायला जागाच नव्हती. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ उजाडलं. आमची गावं म्हणून जास्त दिवस गंगेकडंच बघत राहिली.

राक्षसभुवनला लोक शनीच्या दर्शनाला जातात. तिथं १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं. त्या विजयात नदीचा वाटा फार मोठा आहे. श्रावणातली गंगा, दुथडी भरलेली. निजामाचं अर्धं लष्कर पलीकडं उतरलेलं, अर्धं दिवाण विठ्ठल सुंदर यांच्याबरोबर अलीकडंच अडकलेलं. मराठे अलीकडच्यावर तुटून पडले, विठ्ठल सुंदर मारले गेले आणि पलीकडं उभ्या असलेल्या निजामाला मदतीला येता येईना. ज्यानं आमच्या भागात पुराच्या वेळी काहिलीत बसून नदी ओलांडली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काहील म्हणजे गुळाची कढई. माझ्या वडिलांनी परीक्षेला जाताना पुस्तकं डोक्यावर बांधून काहिलीतून गंगा पार केलेली आहे. काहील सरळ जात नाही, गोल फिरत जाते. ते म्हणायचे, मधोमध आलं की दोन्ही काठ एकसारखे दिसतात आणि आपण कुठून निघालो तेच कळत नाही.

खाली माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी. इथं रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट मिळाला, शके १२३२ चा, म्हणजे इ.स. १३१०. आपलं गाव कधी आणि कुणी अग्रहार (ब्राह्मणांना दान) म्हणून दिलं याचा कागद, म्हणजे तांब्याचा पत्रा, असलेली गावं किती असतील? एरवी सुनं असतं. अधिक महिना आला की पाय ठेवायला जागा नसते. तीन वर्षांतून एकदा गावाला एवढी माणसं बघायला मिळतात, त्यामुळं तिथले लोक वयही अधिक महिन्यांवर मोजतात. आमची आत्या म्हणते, "माझं लग्न होऊन सतरा धोंडे झाले." धोंडा म्हणजे अधिक महिना.

टरबूजवाडी

मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते, तो भाग आमचा. मी भोयाच्या घरचा.

नदीकाठ म्हणजे देऊळ आणि घाट एवढंच नाही. दिवाळी झाली की पाणी मागं सरायचं आणि वाळू उघडी पडायची. तिथं आमच्या वाड्या लागायच्या. वाळूत हातानं चर काढायचा, ओल लागेपर्यंत. त्यात शेणखत टाकून टरबूज, खरबूज, काकडीचं बी. वाऱ्याच्या बाजूनं तुराट्यांचा आडोसा. उन्हाळाभर घरदार वाळूतच. तिथल्या झोपड्यांच्या रांगेलाही आम्ही गल्लीच म्हणायचो, मिरगात वाहून जाणारी गल्ली. दरवर्षी कुणाची झोपडी कुठं हे ठरलेलं, कागद नाही काही नाही.

आता आपेगाव, हिरडपुरीपासून ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर आणि शेवटी बाभळीपर्यंत बंधारेच बंधारे. शेतकऱ्याला पाणी मिळालं, ऊस झाला, ते चांगलंच झालं. पण वाळवंट बुडालं, आणि जिथं बुडालं नाही तिथली वाळू टिप्परनं नेली. चर काढायला गेलं तर खाली काळा चिखल लागतो. माझा भाऊ पुण्यात टरबुजाचा गाडा लावतो. टरबूज कुठून येतं त्याला ठाऊक नाही.

लालमिरची

धर्माबादहून. आमचं गाव पक्कं स्टेशनाचं. मिरचीचा बाजार, मोंढ्यात शिरलं की डोळ्यांतून पाणी. मराठी, तेलुगू, उर्दू एका वाक्यात. शेजारची उमरीही लाइनवरचीच. ३० जानेवारी १९४८ ला हैद्राबाद मुक्तिसंग्रामातल्या माणसांनी तिथली बँक लुटून पैसा लढ्याला दिला, तोच दिवस गांधीजी गेले तो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती दोन्ही दुःखं-सुखं एकत्रच येतात.

बाभळी बंधाऱ्याचा विषय वर आला म्हणून. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. पावसाळा सगळा डोळ्यांदेखत तेलंगणात जातो, मग दरवाजे पडतात आणि उरलेलं आमचं. २९ ऑक्टोबरला लोक बंधाऱ्यावर बघायला जातात, पाणी किती राहिलं म्हणून. मिरचीच्या गावाचं तोंडही थोडं थोडं नदीकडं वळायला लागलंय, असं मला वाटतं.

घाटावरचा

@टरबूजवाडी, दादा, नांदेडला गोवर्धन घाटापलीकडं वाळूत अशा वाड्या मी पाहिल्यात. रात्री कंदील दिसायचे, ओळीनं. आम्हाला वाटायचं नदीत गाव वसलंय. त्यालाही तुम्ही गल्ली म्हणत होता हे आज कळलं.

नाथसागर_काठ

आईला विचारलं. तिनं अंगणात बसून काडीनं मातीत सगळं गाव काढून दाखवलं. लिहून घेतलं तसं देतो.

वेस पूर्वेला. वेशीतून आत आलं की चावडी, डाव्या हाताला मारुती. तिथून सरळ जाते ती बाजारगल्ली, बाजार शुक्रवारचा. उजवीकडं कासारगल्ली, घर एकच कासाराचं पण नाव त्याचं. कुंभारगल्ली उतरणीला. तिच्याखाली दगडाच्या एकवीस पायऱ्या, शेवटच्या तीन उन्हाळ्यातच दिसायच्या. लेकी सासरहून आल्या की ज्या वाटेनं गंगेला जायच्या त्या बोळाला 'लेकीचा बोळ' म्हणत. सुनांनी त्या बोळातून जायचं नसे, त्यांना मोठी वाट.

@पूर्णा_जंक्शन, मी खालच्या पाणवठ्याचंही विचारलं. तिनं काडी पुढं नेली, आंब्यांच्या पलीकडं एक रेघ ओढली आणि तिथल्या सात घरांची नावं सांगितली, सातही. त्यांना पुनर्वसनात प्लॉट कुठं मिळाले ते विचारलं, तर म्हणाली, "दोघांचे माहीत आहेत. बाकीच्यांचं कुणी सांगितलंच नाही." त्या दोघांपैकी एका घरचा मुलगा आमच्याच तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. रविवारी त्याच्याकडं जाऊन येतो, आईला घेऊन. ती येते म्हणाली.